विश्लेषण : ‘आ करा’ म्हणणारे डॉक्टर टॉर्चच्या उजेडात नेमके काय पाहतात?

घसा दुखतो म्हणून दवाखान्यात गेलेल्या रुग्णाला डॉक्टर ‘आ करा’ सांगतात, टॉर्च मारतात, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहतात, गळ्याला दोन्ही बाजूंनी बोटे लावतात आणि औषध लिहायला घेतात. सारे दोन मिनिटांत आटोपते. रक्त तपासायला सांगितले नाही, ‘फोटो’ काढायला सांगितला नाही, म्हणजे नीट तपासलेच नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात डोके, डोळे, कान, नाक आणि घसा यांची ही तपासणी वैद्यकशास्त्रातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त माहिती देणाऱ्या तपासण्यांपैकी एक आहे. ती टाळली गेली तर काय होते, याचे उत्तर भारतात रोज मिळते. देशातील पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे, त्याची पहिली खूण दिसायला टॉर्चखेरीज फारसे काही लागत नाही. तरीही तो बहुतेकदा उशिरा सापडतो.

या तपासणीची साधने कोणती?

यातली बरीचशी साधने एकोणिसाव्या शतकातली आहेत. डोळ्याचा आतला पडदा पाहण्याचे उपकरण जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये जगापुढे मांडले. दृष्टी मोजण्याचा अक्षरांचा तक्ता नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केला. स्वरयंत्र जिवंत माणसात हलताना पाहिले ते तर डॉक्टरने नव्हे, एका गायनशिक्षकाने. मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये दाताच्या डॉक्टरांचा छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाश परावर्तित करून स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. आज दुर्बिणीला कॅमेरा जोडलेला असतो, पण तत्त्व तेच : अंधाऱ्या पोकळीत उजेड टाकायचा आणि नीट बघायचे. बाकी साधने म्हणजे जीभ दाबायची पट्टी, कानात पाहायचा ऑटोस्कोप, नादकाटा म्हणजे ट्यूनिंग फोर्क, आणि डॉक्टरांची बोटे.

डोक्याला हात लावून काय कळते?

तान्ह्या बाळाच्या बाबतीत बरेच काही. डोक्याच्या मध्यावरची मऊ जागा, म्हणजे टाळू, साधारण दीड वर्षापर्यंत भरते. (मराठीत डोक्यावरची आणि तोंडातली, दोन्ही जागांना टाळूच म्हणतात, तपासणीत दोन्ही महत्त्वाच्या.) बाळ शांत आणि उभे धरलेले असताना टाळू खोल गेलेली दिसली, तर जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाल्याची ती खूण असते. ताप असलेल्या बाळाची टाळू फुगलेली असेल, तर मेंदूच्या आवरणाला सूज आल्याची शंका घेऊन त्याला तातडीने रुग्णालयात हलवावे लागते. ती हलकेच उडताना दिसणे मात्र स्वाभाविक आहे. तेलाने टाळू भरणाऱ्या आजीच्या हाताला हे बदल सगळ्यात आधी जाणवू शकतात. डोक्याचा घेर टेपने मोजून तक्त्यावर मांडणे हाही याच तपासणीचा भाग. एकदा घेतलेल्या मापापेक्षा दोन-तीन महिन्यांतला फरक जास्त बोलका असतो.

मोठ्या माणसात डोक्याची तपासणी महत्त्वाची ठरते ती अपघातानंतर. दुचाकीवरून पडलेला माणूस उठून बसतो, बोलतो, घरी जातो. दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळ्यांभोवती काळेनिळे वर्तुळ उमटते, किंवा कानामागच्या हाडावर निळा डाग दिसतो, किंवा नाकाकानातून पाण्यासारखा पातळ द्रव येतो. मार डोळ्याला लागलेलाच नसताना ही चिन्हे दिसली, तर कवटीच्या तळाचे हाड मोडल्याचा संशय असतो आणि तो द्रव मेंदूभोवतीचा असू शकतो. अशा वेळी नाकाकानात कापूस कोंबायचा नाही, नाक शिंकरायचे नाही, थेट रुग्णालय गाठायचे. एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी झाली आणि टॉर्चच्या उजेडाला ती आकसत नसेल, तर मेंदूवर दाब वाढत असल्याची शक्यता असते आणि मग प्रश्न मिनिटांचा असतो.

पापणी ओढून का पाहतात?

रक्त कमी आहे का, हे पाहण्यासाठी. पापणीच्या आतला भाग लालसर हवा. तो फिकट पांढुरका दिसला तर हिमोग्लोबिन तपासायला सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. नुसत्या नजरेने हिमोग्लोबिनचा आकडा सांगता येत नाही, सौम्य रक्तक्षय तर सहज निसटतो. पण कोणाला सुई टोचायची, हे ठरवायला ही नजर उपयोगी पडते. डोळ्याच्या पांढऱ्या भागात कावीळ दिसते. ती दिवसाच्या उजेडात पाहायची असते, कारण पिवळ्या दिव्याखाली सगळेच पिवळे.

लाल डोळा हा सर्वांत फसवा प्रकार. डोळे येणे, धुळीची ॲलर्जी आणि काचबिंदूचा तीव्र झटका, तिन्हींत डोळा लालच दिसतो. डोळे आले तर चिकट घाण येते, नजर शाबूत असते. नजर अंधूक झाली, डोके आणि डोळा असह्य दुखतो, उलटी होते, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो आणि काही तासांत उपचार झाले नाहीत तर नजर कायमची जाऊ शकते. मेडिकलमधून परस्पर आणलेले थेंब इथे घात करतात. त्यातही स्टेरॉइडचे थेंब जास्त.

डोळ्याचा मागचा पडदा पाहण्याचे महत्त्व वेगळेच आहे. शरीरातील रक्तवाहिन्या चिरफाड न करता थेट दिसतात, अशी ही एक जागा. मधुमेह आणि रक्तदाब यांनी आत काय करून ठेवले आहे, ते तिथे दिसते, तेही रुग्णाला कसलाही त्रास जाणवण्याआधी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. यांपैकी प्रत्येकाने वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घेणे अपेक्षित आहे. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे, आणि या दोहोंतली गल्लत फार मोठ्या प्रमाणावर होते.

कान तपासताना तो ओढतात कशाला?

कानाचा मार्ग सरळ नसतो. मोठ्यांचा कान वर आणि मागे, लहान बाळाचा खाली आणि मागे ओढला की तो सरळ होतो आणि पडदा दिसतो. निरोगी पडदा मोत्यासारखा करडा, किंचित पारदर्शक असतो. तो लाल आणि फुगलेला असेल तर आत पू आहे. त्याला भोक असेल तर ‘कान फुटला’ आहे. पडद्याला भोक असताना घातलेले तेल थेट मधल्या कानात उतरते. आपल्याकडे बाळाच्या कानात कोमट तेल घालण्याची रीत अजून मोडलेली नाही, आणि ते घालण्यापूर्वी पडदा कोणी पाहिलेला नसतो. कान स्वतःचा मळ स्वतः बाहेर ढकलतो; कापसाची काडी तो उलट आत सारते.

एका सकाळी अचानक एक कान ऐकू येईनासा होतो. रुग्ण समजतो मळ साचला असेल, बघू चार दिवस. इथे नादकाट्याची साधी चाचणी कामी येते. वाजवलेला काटा कपाळाच्या मध्यावर टेकवला की मळ किंवा पडद्याचा दोष असेल तर आवाज बिघडलेल्या कानात मोठा येतो. नस दुखावली असेल तर तो चांगल्या कानाकडे जातो. दुसरा प्रकार ही तातडीची बाब आहे, कारण स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर ऐकू येणे परतण्याची शक्यता जास्त असते. मळ समजून घालवलेले तीन आठवडे नंतर भरून काढता येत नाहीत.

जन्मतः कमी ऐकू येणाऱ्या मुलांचे नुकसान याहून मोठे. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांची सुरुवात, असा जगभर मानला जाणारा क्रम आहे. प्रत्यक्षात मूल दोन-अडीच वर्षांचे झाले तरी ‘बोलायला उशीर लागतो, बापही उशिराच बोलला होता’ असे घरात म्हटले जाते. मुलांच्या आरोग्य तपासणीचा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघरमधून सुरू झाला. जन्मजात बहिरेपणा, मोतीबिंदू, फाटलेली टाळू यांचा शोध हा त्याचा भाग आहे आणि अंगणवाडी-शाळांमध्ये येणारी पथके त्याचीच असतात.

नाकात पाहण्यासारखे काय असते?

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर सर्दीचे औषध देण्याआधी नाकात काही अडकले आहे का ते पाहायचे. चिंचोका, शेंगदाणा, मणी, खोडरबराचा तुकडा काहीही निघते. खेळण्यातला किंवा घड्याळातला बटणासारखा सेल असेल तर काही तासांत आतली त्वचा भाजून पडद्याला भोक पडू शकते. तो त्याच दिवशी, त्याच वेळी काढावा लागतो. नाकावर मार लागल्यावर दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या आणि मधला पडदा दोन्हीकडे फुगलेला दिसला, तर आत रक्त साचलेले असते. ते वेळीच काढले नाही तर कूर्चा नष्ट होऊन नाक बसते. हाड मोडले की नाही याचा ‘फोटो’ सगळे काढतात, टॉर्च मारून पडदा पाहायचे राहून जाते.

घोळणा फुटला तर मान मागे टाकणे, कांदा हुंगवणे हे घरोघरचे उपाय. मान मागे टाकली की रक्त घशात उतरते आणि उलटी होते. पुढे वाकून बसायचे आणि नाकाचा मऊ भाग सलग दहा-पंधरा मिनिटे दाबून धरायचा. दर मिनिटाला सोडून बघायचे नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, म्युकरमायकोसिस हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांमध्ये गाल बधिर होणे, नाकातून काळपट स्राव, तोंडातल्या टाळूवर काळा डाग, एका डोळ्याभोवती सूज ही त्याची सुरुवात होती. त्या काळात करोनातून बरे झालेल्यांचे नाक आणि टाळू टॉर्चने पाहणे हीच पहिली चाळणी ठरली.

तोंडाच्या तपासणीवर इतका भर का?

कारण इथे नजर जीव वाचवते, आणि याला पुरावा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ साठीच्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाले. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, गावोगावच्या बायकांची मिश्री, आणि राज्यात जुलै २०१२ पासून बंदी असूनही मिळणारा गुटखा, अशी या आजाराची महाराष्ट्रातली वाट आहे. नुसती सुपारी निरुपद्रवी, हा समजही खोटा. सुपारी कर्करोगकारक असल्याचे याच संस्थेने दोन दशकांपूर्वी जाहीर केले आहे.

तोंडाची नीट तपासणी म्हणजे नुसते ‘आ’ नव्हे. कवळी असेल तर काढून ठेवायची. ओठ उलटे करून पाहायचे. गाल पट्टीने बाजूला ओढून गाल आणि हिरडी यांमधली खाच पाहायची. तंबाखूची गोळी तिथेच ठेवली जाते, त्यामुळे भारतात कर्करोगही तिथे जास्त दिसतो. जीभ कापडाच्या तुकड्याने धरून दोन्ही बाजूंना ओढायची आणि तिच्या कडा पाहायच्या, मग जिभेखालचा भाग, टाळू, टॉन्सिल. शेवटी हातमोजा घालून बोटाने चाचपायचे, कारण काही गाठी दिसत नाहीत, हाताला लागतात.

पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमली लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेले तोंडातले व्रण, विनाकारण हलू लागलेला दात ही शोधायची चिन्हे. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. दाताची टोकदार कड लागून व्रण झाला असेल तर ती कड घासून घ्यायची आणि दोन आठवडे वाट पाहायची. तरी भरला नाही तर तुकडा काढून तपासायचा. यात अडचण एकच आहे, पण मोठी : सुरुवातीच्या काळात हे दुखत नाही. दुखत नाही म्हणून दाखवायला कोणी येत नाही, आणि दुखू लागल्यावर येतो तेव्हा आजार गळ्याच्या गाठींपर्यंत पोहोचलेला असतो.

सुपारी खाणाऱ्यांत आणखी एक आजार होतो. तोंडाच्या आतले अस्तर कडक, पांढुरके होत जाते, तिखट झोंबते, तोंड कमी कमी उघडू लागते. स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात जातात का, ही त्याची घरगुती चाचणी. तीन जात नसतील तर दंतवैद्याला दाखवायलाच हवे. कॉलेजातल्या मुलांमध्येही हा आजार दिसतो. एकदा कडक झालेले अस्तर पूर्ववत होत नाही आणि पुढे त्यातून कर्करोगाचा धोका राहतो. सवय सोडली तर वाढ थांबवता येते, एवढेच.

केवळ पाहण्याने फरक पडतो का, हे केरळमध्ये मोजले गेले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून सुमारे १ लाख ९० हजार लोकांवर हा अभ्यास झाला. काही पंचायतींमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी पस्तिशीपुढच्या लोकांची तोंडे ठरावीक वर्षांनी टॉर्चच्या उजेडात तपासली, बाकी पंचायतींमध्ये नेहमीचीच व्यवस्था ठेवली. हे आरोग्यसेवक डॉक्टर नव्हते. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. सवय नसलेल्यांत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे ज्यांना धोका आहे, त्यांच्यापर्यंत टॉर्च पोहोचवणे महत्त्वाचे.

याच धर्तीवर देशात तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या तोंडाची तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी, अशी राष्ट्रीय कार्यक्रमाची रचना आहे. आशा कार्यकर्ती घरी येऊन तंबाखूची सवय, तोंडातले व्रण, तोंड उघडण्यातली अडचण यांचा अर्ज भरते, तो याचाच पहिला टप्पा. अर्ज भरला जातो. पुढे आरोग्य केंद्रात जाऊन तोंड उघडण्याचा टप्पा अनेकदा राहतो. तोंडात पाहायचे म्हणजे माणसाला थुंकून, चूळ भरून बसवावे लागते, आणि शेतातून आलेल्या माणसाला चारचौघांत तोंड उघडायचा संकोच वाटतो. ‘तंबाखू खाता का’ विचारले की ‘कधीमधी’ हेच उत्तर. बायकांच्या मिश्रीबद्दल तर कोणी विचारतही नाही.

घसा आणि गळा यांत आणखी काय कळते?

गोवराचे पुरळ अंगावर उठण्याच्या दोन-एक दिवस आधी गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ आली, तेव्हा हे जुने लक्षण पुन्हा महत्त्वाचे ठरले. घशात राखाडी, चिकट पापुद्रा दिसला आणि पुसताना रक्त आले तर घटसर्पाची शंका घेतात. मात्र लाळ गळत असलेल्या, पुढे वाकून बसलेल्या, श्वास घेताना घरघरणाऱ्या मुलाच्या घशात पट्टी घालायची नाही. जीभ दाबली तर श्वासाची वाट बंद होऊ शकते.

गळ्याच्या गाठी डॉक्टर बहुतेकदा पाठीमागे उभे राहून चाचपतात. घसा सुजल्यावर आलेली मऊ, दुखरी गाठ सहसा आपोआप जाते. तीन आठवडे उलटूनही न गेलेली, कडक, न दुखणारी गाठ क्षयाची किंवा कर्करोगाची असू शकते. डाव्या हाडाच्या वरच्या खळग्यातली गाठ कधी कधी पोटातल्या कर्करोगाची पहिली खूण ठरते. पाण्याचा घोट गिळायला लावतात तो थायरॉइडसाठी. गिळताना वर सरकणारी गाठ थायरॉइडची असण्याची शक्यता जास्त. आणि आवाज बसून तीन आठवडे झाले असतील, तर खडीसाखर चघळणे थांबवून स्वरयंत्र दुर्बिणीने पाहून घ्यावे लागते, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर नक्कीच.

हे सारे मोबाइलवरून होऊ शकते का?

मार्च २०२० मध्ये दूरसल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे आल्यापासून व्हिडीओवर डॉक्टर दाखवणे रूढ झाले. जुन्या आजाराची औषधे चालू ठेवायला ते सोयीचे आहे. पण कानाचा पडदा, जिभेची कड, गळ्यातली गाठ फोनवरून तपासता येत नाही, आणि पडद्यावरच्या रंगावरून कावीळ किंवा रक्तक्षय ठरवणे धोक्याचे. प्रत्यक्ष तपासणीची गरज वाटली तर रुग्णाला बोलावून घ्या, असे ती तत्त्वेही सांगतात. रुग्णानेही ‘एकदा तोंडात, कानात पाहता का’ असे विचारायला हरकत नाही.

फोनचा टॉर्च मात्र घरी कामाला येतो. तंबाखू, सुपारी, मिश्री यांची सवय असलेल्याने महिन्यातून एकदा आरशासमोर उभे राहून गाल, हिरडी, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा पाहावी. संशय आला तर त्याच जागेचा फोटो काढावा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा काढून ताडून पाहावा. लहान मुलांचे फोटो फ्लॅशमध्ये काढले जातात. त्यांत एका डोळ्याची बाहुली लाल किंवा काळी आणि दुसऱ्याची पांढरी चमकताना दिसली, तर ती नेहमीच कॅमेऱ्याची करामत नसते. कधी तो मोतीबिंदू असतो, कधी डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग, जो बहुधा पाच वर्षांखालील मुलांनाच होतो. लवकर सापडला तर मुलाचा जीव आणि अनेकदा डोळाही वाचतो. असा फोटो फोनमध्ये असेल तर तो पुसून टाकू नये, नेत्रतज्ज्ञांना दाखवावा, शक्यतो त्याच आठवड्यात.